पुन्हा येणारी माणसं

रात्री साडेअकराच्या सुमाराला नीलांकरैच्या किनाऱ्यावर मुलांचा एक घोळका वाळूत मांडी घालून बसलेला असतो. ईस्ट कोस्ट रोडवरची वाहनं एव्हाना विरळ झालेली असतात, कोळीवाड्यातल्या होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात आणि त्या होड्यांच्या आडोशाला ही मंडळी. कुणी हॉस्टेलमधून जेवण उरकून थेट आलेलं, कुणाच्या पाठीवर दिवसभराची सॅक, कुणी वाळूतच मान टाकून दहा मिनिटांची डुलकी काढणारं. मधोमध एक बारकीशी मुलगी उभी राहून सूचना देते. आधी तमिळमध्ये, मग इंग्रजीत, मग मागे बसलेल्या दोघातिघांसाठी हिंदीत. विजेरी लावायची नाही. फोटोला फ्लॅश नाही. कासव दिसलं तर जागच्या जागी खाली बसायचं. ते अंडी घालायला लागेपर्यंत जवळ जायचं नाही. बेझंट नगरपर्यंत सातेक किलोमीटर चालायचं आहे, पाय भरून येतील, पण मध्येच कुणी एकट्याने मागे फिरायचं नाही. एवढं सांगून झालं की ती हातातली काठी उचलते आणि घोळका उठतो.

मी या घोळक्यात पहिल्यांदा आले ती माझ्या मुलीची सोबत म्हणून. आम्ही तिरुवान्मियूरला राहतो, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. मुलगी पुढे शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि मी मात्र जात राहिले. मुलं मला अक्का म्हणतात. माझ्या वयाचं कुणी चालताना मागे पडलं तर त्यांच्यातलं एकजण काही न बोलता मागे राहतं, आणि आपण कुणासाठी थांबलो आहोत हे कळूही देत नाही.

या मंडळाचं नाव लांबलचक आहे: स्टुडंट्स सी टर्टल कन्झर्वेशन नेटवर्क. चेन्नईतल्या काही कॉलेजविद्यार्थ्यांनी ते १९८८ साली सुरू केलं. त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, रोम्युलस व्हिटेकर आणि मद्रास स्नेक पार्कमधले त्यांचे सोबती या वाळूत रात्री चालायचे. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळा सरताना या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. कुत्री आणि कोल्हे ती उकरून खातात, माणसंही एकेकाळी नेत असत. आणि ज्या घरट्यांना कुणी हात लावत नाही त्यांतून निघालेली पिल्लं रस्त्यावरच्या दिव्यांना फसतात. पाण्यावरचा उजेड समजून ती शहराकडे चालू लागतात. म्हणून मुलं रात्रभर चालतात, घरटं सापडलं की अंडी उचलून कुंपण घातलेल्या उबवणकेंद्रात नेऊन पुरतात आणि पिल्लं निघाली की पाण्याजवळ सोडतात. गेली अनेक वर्षं हेच काम चालू आहे, करणारी मुलं तेवढी दर तीन-चार वर्षांनी बदलतात.

कॉलेजांचं दुसरं सत्र आणि कासवांचा हंगाम पाठोपाठ सुरू होतात. पोंगलची सुट्टी संपवून मुलं परत येतात, वर्गावर्गांत बातमी फिरते आणि त्यानंतरच्या काही रात्री किनाऱ्यावर गर्दी होते. इथे कुणाची मुलाखत होत नाही, कुणाचे गुण विचारत नाहीत, कुणाला नाही म्हणत नाहीत. त्या रात्री बहुधा कासव दिसत नाही. पहाटे चारला, पायांत गोळे आलेले, डोळ्यांत वाळू, आणि सकाळी नऊला तास. घोळका आपोआप निवळत जातो. फेब्रुवारी लागेपर्यंत जी पाच-दहा मुलं उरतात तीच त्या वर्षीची मंडळी. कुणी त्यांना घेतलं असं नाही, ती पुन्हा आली एवढंच. मग एका रात्री, कसलाही समारंभ न होता, पुढे चालणारा मुलगा आपल्या हातातली काठी मागच्याच्या हातात देतो.

काठीचं काम नाजूक आहे. मादी येऊन गेली की वाळूवर रांगत गेल्याची रुंद खूण राहते, पाण्यातून वर आलेली आणि पाण्यात परत गेलेली, अशा दोन रेघा. त्या जिथे मिळतात तिथे वाळू विस्कटलेली असते, पण अंडी नेमकी कुठे आहेत ते दिसत नाही. मादीने जाताना सगळं अंगाने दाबून सारखं केलेलं असतं. काठी हलक्या हाताने वाळूत टोचत जायचं. घट्ट, घट्ट, घट्ट, आणि एका जागी काठी जराशी आत जाते. तिथे थांबायचं. जोर लावला तर अंडं फुटतं. हा जराशाचा फरक कुणाला शब्दांत सांगता येत नाही. जुना नव्याच्या मनगटाला धरतो, दोघं मिळून काठी टोचतात, आणि नव्याच्या हाताला ते एकदाचं कळतं. त्या क्षणी त्याचा चेहरा अंधारात दिसत नाही, पण श्वास थांबल्याचं कळतं.

याच्या अगदी उलट, निवड करून घेणारी मंडळंही असतात. माझा भाचा अमेरिकेत शिकायला गेला तेव्हा तिथल्या एका फ्रॅटर्निटीत दाखल झाला. पहिल्या सत्रात त्याचे फोन त्याच विषयाने भरलेले असायचे. ग्रीक अक्षरांची नावं असलेली ही विद्यार्थ्यांची बंधुमंडळं. त्यांतलं पहिलं, फाय बीटा कापा, व्हर्जिनियातल्या कॉलेज ऑफ विल्यम अँड मेरीमध्ये ५ डिसेंबर १७७६ला जन्मलं, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी. आठवडाभर नवी मुलं या मंडळांच्या एका घरातून दुसऱ्या घरात जातात, ओळखी होतात, जेवणं होतात, आणि शेवटी ज्याला त्याला निरोप येतो: तू आमचा. भाचा त्या निरोपाची वाट बघत रात्रभर जागा होता. पुढे त्याच मुलांबरोबर त्याने म्हाताऱ्या माणसांच्या घरांची कुंपणं रंगवली, गरिबांसाठी डबाबंद अन्न गोळा केलं, आणि एकदा ताप आला तेव्हा त्याच मुलांनी त्याला रात्री इस्पितळात नेलं. १९२५ साली पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजात स्काउटच्या तत्त्वांवर सुरू झालेली अल्फा फाय ओमेगा नावाची तर एक संस्थाच आहे, जिचा सगळा भर सेवेवर. परक्या देशात एकट्या पडलेल्या मुलाला भाऊ मिळाले, याचं मोल मला आजही वाटतं. आपल्याला कुणीतरी निवडलं, ही ऊब विशीतल्या पोराला किती लागते ते मी त्याच्या आवाजात ऐकलं आहे.

पण निवड न होता जुळणाऱ्या या समुद्रकाठच्या मुलांकडे बघताना माझ्या मनात निराळंच काही येतं, आणि त्याला कारण आहे शहरातली बस. इथल्या सरकारी बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे किंवा वर ‘कुरळ’ या जुन्या तमिळ ग्रंथातली एक द्विपदी लिहिलेली असते. चेन्नईत आल्यावर तमिळ अक्षरं मी त्या पाट्यांवरूनच लावायला शिकले, टी. नगरपर्यंतच्या गर्दीत दोन ओळी लावून होत. तिरुवळ्ळुवरांचा हा ग्रंथ आपल्या मराठीत साने गुरुजींनी आणला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना ते तमिळ शिकले, बंगाली शिकले, आणि पुढे कुरळचं मराठी रूपांतर केलं. एका प्रांतातल्या मुलांनी दुसऱ्या प्रांतातल्या माणसांत राहावं, त्यांची भाषा शिकावी, त्यांच्या घरचं जेवावं, हे आंतरभारतीचं स्वप्न त्या माणसाला पडलं त्यात त्या तुरुंगाचाही वाटा असणार. वर्गात बसवून ज्याचा धडा देता येणार नाही अशी ती गोष्ट. ती मला या वाळूत भेटते, कुणी त्यासाठी वेगळं काही केलेलं नसताना.

कुरळमध्ये १३३ अध्याय, प्रत्येकात दहा द्विपदी. त्यांतले ओळीने पाच अध्याय मैत्रीचे. आधी मैत्री म्हणजे काय, मग मित्र पारखून कसा घ्यावा, मग जुनी सलगी, आणि पुढचे दोन वाईट आणि खोट्या मित्रांवर. पारख आधी, सलगी नंतर, असा शहाणा क्रम आहे तो. किनाऱ्यावर मात्र हा क्रम उलटा होताना दिसतो. इथे अंधार असतो. शेजारी चालणाऱ्याचं तोंड नीट दिसत नाही, तो कुठल्या जातीचा, कुठल्या घरचा, इंजिनिअरिंगचा की बी.कॉम.चा, हे काही कळत नाही. त्याच्या पावलांचा आवाज तेवढा कळतो. दोन-तीन आठवड्यांत सलगी होऊन बसते आणि मग पारख करायला जागाच उरत नाही. ज्याच्याशी चहाच्या टपरीवर उभ्या जन्मात बोलणं झालं नसतं, त्याच्याबरोबर माणूस मध्यरात्री गुडघ्यांवर बसून ओली वाळू उपसत असतो.

घरटं उपसणं हे हातांनीच करायचं काम. साधारण दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी फुगीर असा तो खड्डा. अंडी पांढरी, टेबलटेनिसच्या चेंडूएवढी, पण कवच कडक नाही. बोट लागलं तर किंचित दबतं. एका घरट्यात शंभर-सव्वाशे. एकजण आत हात घालून अंडं बाहेर देतो, दुसरा कापडी पिशवीत ठेवतो, तिसरा मोजतो. गडबड झाली तर पुन्हा मोजता येत नाही, अंडी फार हलवून चालत नाहीत. आणि मोजताना प्रत्येकजण नकळत आपल्या घरच्या भाषेवर येतो. एरवी इंग्रजीत बोलणारी मुलगी मल्याळममध्ये मोजू लागते. एका रात्री अंधारातून ‘सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ’ असं ऐकू आलं आणि मी चमकून बघितलं. लातूरकडचा एक मुलगा होता. मास्तरांनी पाढे म्हणायला उभं करावं तशा सुरात मोजत होता. त्याची मोजणी संपेपर्यंत मी काही बोलले नाही. नंतर आम्ही दोघं मराठीत बोललो तेव्हा बाकीची मुलं आमच्या भाषेकडे कान लावून चालत होती, आणि बेझंट नगर येईपर्यंत त्यांतल्या एकाला एकोणसाठपर्यंत नाही तरी दहापर्यंत येऊ लागलं होतं.

अंडी पहाटेच्या आत उबवणकेंद्रात पोचतात. घरट्याच्याच खोलीचा नवा खड्डा, तसाच तळाशी फुगीर, आणि वर तारखेची पाटी. त्यानंतर साधारण दीड महिना वाट बघायची. दिवस भरत आले की प्रत्येक खड्ड्यावर वेताची टोपली पालथी घालतात, म्हणजे पिल्लं निघाली तर कुठे भरकटत नाहीत. वाळूखाली मधल्या काळात काय चालतं, ते मला एका मुलाने समजावून सांगितलं आणि मी ते कधी विसरले नाही. अंड्यातून निघालेलं एकटं पिल्लू एवढी वाळू उपसून वर येऊ शकत नाही. म्हणून सगळी थोडी थांबतात. पुरेशी भावंडं फुटली की एकदम हालचाल सुरू होते. वरची छताची वाळू खरवडतात, ती खाली पडते, खालची ती पायांनी तुडवून दाबतात, आणि अशी सगळ्यांची मिळून जमीन एकेक बोट वर सरकत जाते. मध्येच सगळी दमून थांबतात. मग एक वळवळलं की बाकीचीही हलतात. असे तीन-चार दिवस, कधी जास्तही. वाळू गार झाली की रात्र पडली हे त्यांना कळतं, आणि मग सगळी एकदम उसळून बाहेर येतात. पाण्यापर्यंतची धाव मात्र ज्याची त्याची. समुद्रात गेल्यावर त्यांना एकमेकांची गरज राहत नाही.

मुलांच्या हॉस्टेलच्या आयुष्याशी याचा मेळ घालायचा मोह होतो, आणि मी तो आवरत नाही. विशीतली ती तीन-चार वर्षं अशीच असतात. कुणी खाली पाय देतं म्हणून कुणी वर सरकतं, आणि आपण कुणाच्या पायाखालची वाळू तुडवून दिली हे त्या वेळी कुणालाच माहीत नसतं. पुढे प्रत्येकजण आपल्या समुद्रात. ही सोबत कायम टिकली नाही म्हणून खोटी होती, असं मला वाटत नाही. वर येण्यापुरती का होईना, ती लागलीच होती.

सगळ्या रात्री अशा भरून आलेल्या नसतात. मेलेली कासवंही किनाऱ्याला लागतात, जिवंत दिसतात त्याहून कितीतरी जास्त. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलेल्या कासवाला श्वास घ्यायला वर येता येत नाही, ते पाण्यातच गुदमरतं. २०२५च्या जानेवारीत चेन्नईच्या किनाऱ्यावर शेकड्यांनी मेलेली कासवं आली. त्या दिवसांत मुलं काठीऐवजी मोजपट्टी घेऊन चालत होती. कवचाची लांबी, रुंदी, नर की मादी, कुठे सापडलं. वहीत नोंद करायची आणि पुन्हा मोजलं जाऊ नये म्हणून कवचावर खूण करायची. वास असा की घशात बसतो. पहिल्या वर्षाची एक मुलगी एका मादीजवळ वाकली, तिच्या पोटात अंडी असल्याचं कळलं आणि ती तिथेच बसून रडली. कुणी तिची समजूत घातली नाही. एकाने तिच्या हातातली वही घेतली आणि पुढच्या नोंदी त्याने केल्या. थोड्या वेळाने तिने वही परत मागितली. सेवा या गोष्टीबद्दल मी आजवर जे काही वाचलं, ऐकलं, त्यात हे वही परत मागणं कुठे आलं नव्हतं.

१९६९ साली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबरला सरकारने राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली; ३७ विद्यापीठं आणि चाळीस हजार विद्यार्थी. मीही कॉलेजात असताना तिच्या शिबिराला गेले होते, श्रमदानाने एक रस्ता केला होता आणि रात्री शेकोटीभोवती गाणी म्हटली होती. त्या रस्त्याचा पुढच्या पावसात गावाला उपयोग झाला हे कळलं तेव्हा छाती भरून आली होती. इथल्या मुलांना हे समाधान मिळत नाही. सोडलेल्या पिल्लांपैकी हजारांत एखादं मोठं होतं म्हणतात. ते कुठलं, हे कुणाला कधी कळणार नाही. मादी जाणती व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. ती जन्मली त्याच भागात अंडी घालायला परतते, तोवर तिला सोडणारा मुलगा कुठल्या तरी शहरात नोकरीत असतो, त्याची मुलं शाळेत जात असतात. त्याने केलेल्या कामाचं फळ दुसऱ्याच कुणाच्या काठीला लागणार. एवढं माहीत असूनही ही मुलं रात्र जागवतात, म्हणून माझा जीव त्यांच्यावर जडला.

अशी माणसं इथे वर्षानुवर्षं आली आहेत. आय.आय.टी. मद्रासमध्ये शिकायला आलेल्या सतीश भास्कर नावाच्या तरुणाला अभ्यासापेक्षा समुद्राने जास्त ओढलं. तो स्नेक पार्कच्या मंडळींत मिसळला आणि पुढे कासवांच्या शोधात देशाचा किनारा हजारो किलोमीटर पायी तुडवला. १९८२च्या पावसाळ्यात तो लक्षद्वीपच्या सुहेली बेटावर काही महिने एकटा राहिला. होडी येण्याची सोय नाही, टपाल नाही. त्याने बायकोला पत्र लिहिलं, बाटलीत घातलं आणि समुद्रात सोडलं. ती बाटली श्रीलंकेच्या एका कोळ्याला सापडली आणि त्याने ते पत्र पत्त्यावर पाठवून दिलं. ही गोष्ट मुलं नव्यांना चालता चालता सांगतात. सांगणारा दरवेळी निराळा, पण त्या कोळ्यापाशी आल्यावर सगळ्यांचाच आवाज थोडा बदलतो. ज्याला आपण कधी पाहिलं नाही त्याच्या पत्रासाठी टपालहशील भरणारा माणूस.

बेझंट नगरला आमची चाल संपते तिथे एक पांढरं स्मारक आहे. कार्ल श्मिट नावाचा डेन्मार्कचा खलाशी १९३० साली इथे बुडणाऱ्यांना वाचवताना स्वतः बुडाला, त्याचं. दिवसा त्याच्या सावलीत प्रेमी जोडपी बसतात, पोरं पतंग उडवतात, सुंडल विकणारे फिरतात. पहाटे तिथे कुणी नसतं. मुलं पिशव्या उबवणकेंद्रात पोचवून येतात, पायांची वाळू झटकतात आणि पहिली चहाची टपरी उघडायची वाट बघतात. तेव्हा त्यांचं बोलणं पुन्हा साध्या मुलांचं होतं: अंतर्गत परीक्षा, हजेरी, मेसमधला सांबार, कुणाचं कुणाशी जमलं. त्या बोलण्यात ‘आपण केवढं काम केलं’ हे वाक्य मी एकदाही ऐकलेलं नाही.

लातूरकडचा तो मुलगा आता पुण्याला नोकरीला आहे. मागच्या हंगामात त्याला चेन्नईला येता आलं नाही आणि तो कासावीस झाला. मी त्याला कोकणातल्या वेळासचं सुचवलं. माझं माहेर चिपळूणचं. तिथल्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून, भाऊ काटदरेंच्या पुढाकाराने, वेळासच्या गावकऱ्यांबरोबर हेच काम उभं केलं. आज फेब्रुवारी-मार्चमध्ये लोक मंडणगडमार्गे तिथे जातात, गावातल्या घरांत उतरतात, आणि सकाळ-संध्याकाळ टोपली उचलली जाताना बघतात. तो एका शनिवारी गेला आणि पुढच्या शनिवारी पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला गावातल्या एका काकांनी त्याला विचारलं, ‘तुमच्या मद्रासची पोरं इकडे येतील का, आमच्या पोरांना रात्रीचं चालणं शिकवायला?’

त्याने ते मंडळाच्या मुलांना कळवलं आणि तेव्हापासून इथे रोज चर्चा चालू आहे. तिकिटाचे पैसे कुठून आणायचे, कॉलेज सुट्टी देईल का, तिथे तमिळ कुणाला कळणार. पण खरा पेच वेगळाच आहे. त्यांचा हंगाम आणि आपला हंगाम एकच. जाणत्या हातांची सहा-सात मुलं वेळासला गेली, तर त्या रात्री नीलांकरैहून काठी घेऊन कोण निघणार? पहिल्या वर्षाची पोरं म्हणतात, आम्ही निघू. जुनी म्हणतात, तुम्हाला अजून वाळू कळत नाही. निर्णय झालेला नाही. माझं मत विचारलं तर मी अजून दिलेलं नाही, पण पुण्याच्या गाडीचं वेळापत्रक मी काढून ठेवलं आहे.